अडीच किलो पोर

काट्याची दांडी स्थिर होईपर्यंत ते श्वास रोखून उभे राहायचे. मग उजव्या हाताच्या नखाने दांडीवर हलकीशी टिचकी मारायचे, ती पुन्हा हलून जागेवर येते का ते बघायचे, आणि समोर घामाने निथळत उभ्या असलेल्या पोराला म्हणायचे, "घटलास रे." पोरगी असेल तर, "घटलीस गो." स्वर असा की जणू त्यांच्याच घरातलं काहीतरी कमी झालंय.

तुमच्याही गावात असा माणूस असेल. ज्याला कुणी बोलावलेलं नसतं, ज्याच्याकडे कसलं प्रमाणपत्र नसतं, आणि तरीही सगळी पोरं ज्याच्याभोवती जमतात. असा माणूस लांबून फार गोड वाटतो. तुमच्याच मैदानाच्या कडेला येऊन उभा राहिला की मग कळतं. मी ते चार वर्षं सोसलं, आणि त्या चार वर्षांत मी त्यांचा जेवढा हेवा केला तेवढा आयुष्यात दुसऱ्या कुणाचा केला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुमचा गैरसमज व्हायला नको.

मी क्रीडाशिक्षक. शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे, गावाच्या वेशीवर एक माळ आहे, आणि त्या माळावर रोज पहाटे मी पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना पळवतो. मुलांचे सोळाशे मीटर, मुलींचे आठशे. फुकट. शिट्टी माझी, स्टॉपवॉच माझं, चुन्याची रेघही मीच मारतो. आजूबाजूच्या पाच-सहा गावांतले आईबाप पोरींना अंधार असतानाच घराबाहेर पाठवतात ते माझ्या नावावर. "सर हायत ना, मंग जा," एवढंच म्हणतात. या वाक्याचा मला फार अभिमान होता.

माझा एक नियम होता. पळण्याआधी पाणी नाही, पळताना नाही, पळून झाल्यावर अर्धा तास नाही. फार तर चूळ भरायची आणि थुंकायची. पाणी प्यालं की पाय जड होतात, पोटात कळ येते, असं मला माझ्या सरांनी शिकवलं होतं. मी स्वतः तसाच पळलो, जिल्ह्यापर्यंत गेलो आणि तिथे तिसऱ्या फेरीत चक्कर येऊन पडलो. पडलो ते कशाने, हे त्या वेळी कुणी विचारलं नाही, आणि मीही कधी विचार केला नाही.

माळाला लागून भातगिरणी आहे. ते तिथे मापाडी होते. पोती काट्यावर घ्यायची, वजन सांगायचं, हेच काम त्यांनी उभं आयुष्य केलं. शेतकरी गिरणीमालकाशी भांडायचे, हमालांशी भांडायचे, पण त्यांनी सांगितलेल्या आकड्यावर कुणी वाद घातलेला मी ऐकलेला नाही. गिरणीत इलेक्ट्रॉनिक काटा आला तेव्हा मालकाने जुना लोखंडी काटा भंगारात काढला. यांनी तो मागून घेतला आणि गिरणीमागे, माळाच्या कडेच्या करंजाखाली आणून ठेवला. कशाला, ते कुणालाच माहीत नव्हतं. भरतीच्या पोरांना छाती आणि वजनाची काळजी असते, त्यामुळे ती येता-जाता त्यावर चढायची. ते आकडा सांगायचे आणि लक्षात ठेवायचे.

माणूस बारीक, अंगात बिनइस्त्रीचा पांढरा सदरा, कानावर पेन्सिल. समोर येणाऱ्या प्रत्येकाचं वजन ते आधी डोळ्यांनी करायचे. पहिल्यांदा ओळख झाली तेव्हा मला नमस्कारही नंतर केला. आधी म्हणाले, "चौसष्ट. बरोबर ना, सर?"

मी म्हणालो, "नाही."

"मंग चढा की काट्यावर. बघू."

मी चढलो नाही. मी सर होतो, पोतं नव्हतो.

एका एप्रिलमध्ये सकाळी माझा सगळ्यात चांगला पळणारा मुलगा, वैभव, शेवटच्या फेरीत डळमळला आणि रेघेवर कोसळला. मी त्याचे पाय वर धरले, तोंडावर पाणी मारलं. तोंडात घातलं नाही, कारण नियम. तेवढ्यात गिरणीतून हे आले. एका हातात स्टीलची बादली होती. त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. पोराला शुद्ध आली तसं दोघांच्या खांद्यावर टाकून काट्यावर उभं केलं, दांडीला टिचकी मारली, आणि माझ्याकडे वळले.

"पळायच्या आधी एकसष्ट होता. आता साडेअठ्ठावन. अडीच किलो पोर गेला कुठं, सर?"

सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, घाम आला असेल.

"घामच. भात वाळलं का घटतं, तं मोजायला मालकानी मला ठेवलाय. पोर वाळून घटतं, तं कोन मोजतो?"

बादलीत पेज होती. गिरणीत तांदळाची कणी पडते, ती ते चुलीवर शिजवायचे, पातळ करायचे, मीठ घालायचे आणि गुळाचा छोटा खडा टाकायचे. त्यांनी वैभवला ती ओगराळ्याने पाजली, घोट घोट करून, मध्ये थांबून. त्याने घाई केली की ओगराळं मागे घ्यायचे. "शेतात पानी सोडतात तसा सोडायचा. बांध फुटंल असा नाय." अर्ध्या तासाने वैभव उठून चालायला लागला. दुसऱ्या दिवशी पोरं पळण्याआधी करंजाखाली रांगेत उभी होती, वजन करून घ्यायला. मला विचारायला कुणी आलं नाही.

माझा नियम असा एका बादलीत बुडाला.

खरं सांगायचं तर मी वाचून पाहिलं. मोबाईलवर शोधलं, एका ओळखीच्या डॉक्टरला विचारलं. म्हातारा बरोबर होता. (मनातल्या मनात मी त्यांना म्हाताराच म्हणायचो. तोंडावर काका.) पळण्याआधी आणि नंतर वजन करायचं, जेवढं घटलं त्याच्या दीडपट पाणी दोन-तीन तासांत हळूहळू भरून काढायचं, आणि त्यात मीठ हवं. मोठमोठे प्रशिक्षक हेच करतात म्हणे. यांनी ते भाताच्या पोत्यांवरून काढलं होतं. ते चूक निघाले असते तर मी त्यांना मोठ्या मनाने माफ केलं असतं.

मग त्यांनी लघवीच्या रंगाची भानगड काढली. मुलांना ते मैदानात सगळ्यांसमोर ओरडून विचारायचे, "सकाळचा रंग कसा हाय रे?" पोरं हसून लोळायची. मी शिट्टी मारून गप्प करायचो. पण मुली अशा प्रश्नाला काय उत्तर देणार? तेव्हा यांनी काट्याशेजारी तीन वाट्या मांडल्या. एकीत तांदूळ, दुसरीत तुसासकट पिवळं भात, तिसरीत कोंडा. मुलींनी येता-येता, काही न बोलता, आपल्या रंगाच्या वाटीला बोट लावायचं. तांदूळ म्हणजे ठीक. भात म्हणजे पळण्याआधी एक पेला. कोंड्याला बोट लागलं की त्या दिवशी ती पोरगी पळायची नाही. ते तिला बाजूला बसवून पेज द्यायचे आणि मला हाताने खूण करायचे. माझ्या मैदानावर कोण पळणार ते तीन वाट्या ठरवायला लागल्या.

मी एकदा चिडून म्हणालो, "काका, थोडी तहान सोसायची सवय हवी. शिस्त असते काहीतरी."

ते ओगराळं धुवत राहिले. मग म्हणाले, "माजा आजा याच गावात वरून ओतलेला पानी प्याला, सर. वंजळ धरून. वतनाऱ्याची मर्जी असंल तवा. पानी आडवायची शिस्त मी लय ऐकलीय."

गिरणीतल्या त्यांच्या खोलीत, भिंतीवर निळ्या कोटातला फोटो होता. मी तो रोज बघत होतो. त्या दिवसापासून मी शिस्तीचं नाव काढलं नाही, पण माझा हेवा काही कमी झाला नाही. उलट आता तो मला बोलूनही दाखवता येईना.

आणि या सगळ्यात माझी सायली. माझी थोरली. तिला मी ती सातवीत असल्यापासून पळवतोय. तिची पावलं कशी पडतात, वळणावर ती कुठला खांदा खाली घेते, हे मी डोळे मिटून सांगेन. आठशे मीटरला तिचे तीन मिनिटांच्या पुढे सात-आठ सेकंद जात होते आणि काही केल्या ते कमी होत नव्हते. काट्याच्या दुसऱ्या वर्षी ते सेकंद गेले. तीनच्या आत आली. मी स्टॉपवॉच हातात धरून नाचलो. ती धापा टाकत माझ्या अंगावरून पुढे गेली, करंजाखाली.

"आजोबा, आले तीनच्या आत!"

"आलीस ना. चढ. बघू किती सांडलीस."

मी स्टॉपवॉच खिशात ठेवलं.

घरीही तेच. जेवताना, "आजोबा बोलले." ताकात मीठ घालताना, "आजोबा बोलले." माझी बायको लिंबं वेचून पिशवीत भरून द्यायची, "त्यांना द्या हो, पोरांसाठी कष्ट करतात बिचारे." ती पिशवी मला हातात धरून मैदानापर्यंत न्यावी लागायची. मी बावीस वर्षं चुन्याच्या रेघा मारतोय. मला कुणी कधी बिचारे म्हटलेलं नाही.

आता जे केलं ते सांगतो.

त्या काट्याच्या दांडीच्या टोकाला एक पितळी फिरकी असते. ती फिरवून काटा शून्यावर आणतात. ते रोज पहाटे, पहिलं पोर चढण्याआधी, वीस किलोचं लोखंडी वजन काट्यावर ठेवायचे. बरोबर वीस आले की फिरकीला हात लावायचे नाहीत. नाही आले तर ती केसभर फिरवायचे. याला ते धडा बघणं म्हणायचे. एकदा धडा बघितला की दिवसभर काट्यावर शंका घ्यायची नाही. काटा बोलेल ते खरं. गिरणीत आयुष्यभर हेच केलं होतं, आणि आयुष्यभर ते चाललं होतं.

मे महिना होता. भरती तोंडावर आली होती. पोरं शेवटची फेरी पळत होती आणि ते पेजेचं पातेलं उतरवायला गिरणीमागे गेले होते. मी करंजाखाली गेलो आणि ती फिरकी दीड आटा फिरवली. बस्स. दोन सेकंदांचं काम.

मला वाटलं होतं, आकडे वेडेवाकडे येतील, पोरं हसतील, म्हातारा गोंधळेल, आणि सगळ्यांना कळेल की हा गिरणीतला माणूस आहे, हा काही प्रशिक्षक नाही. एवढंच. मी पुढचा विचार केला नव्हता. जळणारा माणूस पुढचा विचार करत नाही.

कुणी हसलं नाही. एरवी किलो-सव्वा किलो घटणारी पोरं त्या दिवशी अडीच, पावणेतीन घटली. त्यांनी दांडीला टिचकी मारली. पुन्हा मारली. वर आभाळाकडे बघितलं.

"हवा गरम हाय, पन येवढी?" एवढंच म्हणाले. धडा सकाळी बघितलेला होता. काट्यावर शंका घेणं त्यांना ठाऊकच नव्हतं. पोरांसाठी त्यांच्या काळजाचं पाणी पाणी झालं. "प्या रे. आज लय सांडलात. दुपारपावेतो भरून काढा."

दुप्पट प्यायची म्हटल्यावर पेज निम्म्यातच संपली. शेवटी राहिलेल्यांना ते म्हणाले की साधं पाणी घ्या, घरी जाऊन मीठ-लिंबू घाला. शेवटी राहिलेल्यांत सायली होती. तिला त्या दिवशी कॉलेजात परीक्षा होती, शहापूरची एसटी गाठायची होती. दुपारपर्यंत प्यायचं ते तिने तासाभरात पिऊन टाकलं. मीठ घालायला वेळ नव्हता. आजोबांनी सांगितलंय म्हटल्यावर तिने एक थेंब मागे ठेवला नाही. मी मैदानावर होतो. तिला बाटलीमागून बाटली रिकामी करताना मी बघत होतो. मी तोंड उघडलं असतं तर फिरकीचं सांगावं लागलं असतं.

एसटीत तिला उलट्या सुरू झाल्या. डोकं फुटतंय म्हणाली, मग भलतंसलतं बोलायला लागली. बरोबरच्या मुलींनी तिला शहापूरला उतरवून दवाखान्यात नेलं. मी पोहोचलो तेव्हा ती मला ओळखत होती, पण आपण कुठे आहोत ते तिला सांगता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, पाणी फार झालंय, अंगातलं मीठ खाली गेलंय, वेळेत आणली म्हणून बरं. आणखी तासभर गेला असता तर काय, ते मी विचारलं नाही.

दुपारी ते आले. वॉर्डच्या दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. माझी बायको त्यांना बघून उठली आणि ओरडली. "तुमचं ते वजनबिजन बंद करा! मारली असतीत माझी पोर!" सगळा वॉर्ड बघत होता. त्यांनी तिला बोलू दिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, मी परत जाऊन वीसचा वजन ठेवला. काटा दीड किलो खाली बोलतोय. सकाळी बरोबर होता."

माझ्याकडे बघत राहिले. मी सलाईनकडे बघत राहिलो. थेंब पडताना दिसत होते. सकाळी मैदानावर पळत नसलेली माणसं दोनच होती, एक ते आणि एक मी. हा हिशोब करायला त्यांना कागद-पेन्सिल लागणार नव्हती.

त्यांनी माझ्या बायकोपुढे हात जोडले. "ताई, काटा माजा. चूक माजी."

मी त्यांना तसं म्हणू दिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पोरं जमली. ते म्हणाले, "माजा काटा चुकला. चुकलेल्या काट्यावर कुनी चढायचा नाय." टेम्पो बोलावून काटा घरी घेऊन गेले. तिन्ही वाट्याही नेल्या. मैदान पुन्हा माझं झालं. ज्याच्यासाठी मी जळत होतो ते सगळं मला परत मिळालं, आणि करंजाखालची ती जागा मला सकाळी सकाळी बघवेना. काट्याच्या चार पायांचे खड्डे तिथे पडले होते. पोरं सवयीने तिथे जाऊन उभी राहायची आणि मग आठवण होऊन परत यायची.

सायली बरी झाली. आठवड्याने पळायला लागली. माझ्या सांगण्यावरून मीठ-पाणी प्यायची, पण हसून नाही. भरतीच्या मैदानावर ती आठशे मीटर तीनच्या आत आली. यादीत तिचं नाव लागलं त्या दिवशी म्हणाली, "बाबा, आधी आजोबांकडे पेढे." मी म्हटलं, तू जा. ती म्हणाली, "तुम्ही का नाय येत? त्यांच्यावर अजून राग आहे तुमचा?"

गेलो.

त्यांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. ओट्यावर तोच काटा होता, पुसून लख्ख केलेला. ते शेजारी बाजेवर बसले होते. चेहरा सुजलेला, पाय सुजलेले. मूत्रपिंडं गेली होती. डॉक्टरने पाणी मोजून दिलं होतं, दिवसाला लिटरभर, त्यातच चहा आणि औषधाचा घोट. उशाशी एक लहान पेला होता, त्यावर पेन्सिलीने रेघा मारलेल्या.

"आता उलटा झाला, सर," ते हसून म्हणाले. "मी घटत नाय. मी वाढतो. रोज सकाळी चढतो आनी किती पानी अडकला त्याचा आकडा लिवतो. डाक्टर बोलतो, असा पेशंट पाह्यला नाय." मग सायलीला म्हणाले, "रंग कसा गो?" तिने हवेत तांदळाच्या वाटीला बोट लावून दाखवलं. दोघं हसली. मला तेव्हाही आत काहीतरी डसलं. इतकं सगळं करूनही डसलं.

त्यांनी पेढ्याचा कण तोंडात घातला आणि तिला म्हणाले, "घरात जा, पानी पी." ती आत गेली. मी बाजेच्या कडेला बसलो.

"काका, त्या दिवशी फिरकी..."

"म्हाईत हाय."

"मग बोलला का नाहीत? दवाखान्यात सगळ्यांसमोर बोलायचं होतं."

त्यांनी पेल्यातलं पाणी बघितलं, प्यायले नाहीत, परत ठेवलं.

"बोललो असतो तं काय झाला असता? ह्या गावांतल्या पोरी पहाटं घरातून निगतात, त्या तुमच्या भरवशावर. आईबापाला कळला असता का सरांनी असा केला, तं दुसऱ्या दिवशी येक पोरगी मैदानात दिसली नसती. सगळ्या घरात. तुमची सायलीपन." मग म्हणाले, "माजा काय. मापाडी चुकला, तं लोक दुसऱ्या काट्यावर जातात. पोरी दुसरीकडं कुटं जानार?"

मी त्यांच्या पायांना हात लावला. बोट दाबलं तिथे खळगा पडला आणि तसाच राहिला. माफ करा म्हणालो. ते म्हणाले, "माफीचा काय. पन तिला पिताना बघून तुमी गप कसं ऱ्हायलात, तं मला अजून कळत नाय." रागाने नाही म्हणाले. खरंच कळत नव्हतं त्यांना.

सायली बाहेर आली. निघताना त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जुन्या सवयीने.

"घटलात, सर. चौसष्टाचे एकसष्ट. चढा, बघू."

"नको काका," मी म्हणालो. मला त्या काट्यावर उभं राहायचं धाडस नव्हतं.

श्रावणात ते गेले. शेवटच्या दिवशी दोन घोट जास्त मागितले म्हणे, मुलाने दिले नाहीत. मुलगा हे सांगताना रडला. त्याने डॉक्टरचं ऐकलं होतं आणि वडिलांनीच त्याला ऐकायला शिकवलं होतं. तेराव्या-बिराव्याचं त्यांच्यात काही नसतं. चार-पाच दिवसांनी मुलगा सकाळी टेम्पो घेऊन मैदानावर आला. "आबा बोलून गेलेत. काटा सरांकडं द्या. रोज धडा बघा म्हनावं. येकदा बघून भागत नाय, पोरं चढायच्या आधी येकदा आनी पळून आल्यावर येकदा." बरोबर वीस किलोचं वजन होतं आणि कागदात गुंडाळलेल्या तीन वाट्या.

काट्याचे पाय जुन्या खड्ड्यांत बसवले. मुलगा निघून गेला. पोरं माळाच्या पलीकडच्या टोकाला अंग मोकळं करत होती. सायली आता लांब प्रशिक्षणाला आहे. आदल्या दिवशीच तिचा फोन आला होता, इथे सगळ्यांना मीच पाणी कसं प्यायचं ते सांगते, आजोबांसारखं. 'बाबांसारखं' असं ती कशाबद्दलच म्हणाली नव्हती. मी ते फोन ठेवल्यावर मोजत बसलो होतो.

मी वीसचं वजन ठेवलं. दांडीला नखाने टिचकी मारली. बरोबर वीस आले. वजन उतरवलं, पुन्हा ठेवलं. पुन्हा वीस. मग चपला काढल्या, कुणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्या लोखंडी पाटावर उभा राहिलो. वजन सरकवत नेलं. दांडी हलली, डुगडुगली, आणि थांबली.

एकसष्ट.

म्हातारा याही वेळी बरोबर निघाला होता.